घट्ट नट आणि सैल जोड

रात्रीं घर शांत झालें म्हणजे दिवसा ऐकूं न येणारा एखादा बारीक आवाज कानावर येऊं लागतो. कोठें खिडकीची कडी वाऱ्यानें वाजत असते, कोठें नळ ठिबकत असतो. आपण अंथरुणांतून उठतों, आवाज कोठून येतो याचा अंदाज घेतों, त्या दिशेनें जातों आणि तेवढी ती कडी लावून परत येतों. घरांतल्या सर्व कड्या एकामागून एक लावीत सुटत नाहीं. परंतु हाच सुज्ञ माणूस मोटारीच्या खालून खडखड ऐकूं आली कीं हा साधा क्रम विसरतो. तो पाना हातीं घेतो आणि दिसेल तो नट आवळीत सुटतो. अशा रीतीनें आवाज क्वचित् थांबतो, बहुधा थांबत नाहीं; आणि थांबला तरी तो कशामुळें थांबला हें कळत नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय ही खडखडच आहे. पण ती एका विशेष प्रसंगीं उत्पन्न होणारी. वेगाची व वळणांची हौस असलेले लोक आपल्या छोट्या स्पोर्ट्स मोटारीच्या मूळच्या स्प्रिंगा व शॉक ॲब्सॉर्बर काढून त्यांच्या जागीं उंची कमीजास्त करतां येणारे नवे संच बसवितात. या संचांना कॉइलओव्हर असें नांव आहे. ते बसविले म्हणजे मोटार वळणावर कमी कलते, आणि जमिनीला लगटून उभी असल्यामुळें दिसावयासहि डौलदार दिसते. मात्र पुष्कळदां पहिल्याच दिवशीं एखाद्या चाकाजवळून खडखड, टकटक किंवा करकर असे आवाज सुरू होतात. ते कां होतात, आणि ते शोधून कसे काढावे, हें मी एका मोटारीच्या उदाहरणानें सांगणार आहें.

ती मोटार म्हणजे जपानच्या माझदा कारखान्याची एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. दोनच माणसांची बैठक, मागें सारतां येणारें छप्पर, मागील चाकांना मिळणारी गति, आणि वजन हजार किलोंच्या आंत. घोडा आणि स्वार यांचें एकच शरीर व्हावें अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताइ' हा जपानी शब्दप्रयोग तिच्या रचनाकारांनीं ध्येय म्हणून पुढें ठेवला होता. एप्रिल २०१६ मध्यें या जातीची दहा लाखावी मोटार तयार झाली. इंग्लंडांत तिचे भक्त पुष्कळ आहेत, आणि तेथें राहणारा माझा पुतण्या हा त्यांपैकींच एक. त्याची मोटार पहिल्या पिढीची, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळांतली. मी त्याच्याकडे पंधरा दिवस राहावयास गेलों असतां जी गोष्ट घडली तिच्या आधारानेंच हा विषय मांडणें मला सोपें जाईल.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मला त्या मोटारींतून फिरावयास घेऊन गेला. गाडी गल्लींतून बाहेर पडतांच त्यानें रेडिओ लावला, आणि तो इतक्या मोठ्यानें कीं बोलणें कठीण झालें. "अरे, जरा हळू कर कीं," मी म्हणालों. त्यानें संकोचानें आवाज कमी केला, आणि तो रेडिओ गाण्यासाठीं लावलेला नव्हता हें माझ्या ध्यानांत आलें. मागल्या डाव्या चाकाजवळून एकसारखी खडखड येत होती.

"काका, काय करूं सांगा," तो म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वीं हा नवा संच मीं स्वतः बसविला. त्या दिवसापासून हें चालू आहे. तीन वेळां सगळे नट आवळून झाले, अँटी-रोल बारचे दुवे नवे घातले. आतां हा संच परत पाठवून देणार. मालच वाईट आहे, दुसरें काय? आणि शुक्रवारीं छकुलीला घेऊन वेल्सच्या डोंगरांत जायचें कबूल करून बसलों आहें."

छकुली म्हणजे त्याची नऊ वर्षांची मुलगी. त्या दिवशीं सोमवार होता.

आतां पुढें जाण्यापूर्वीं या संचाची रचना समजून घेऊं. चाकाचें वर-खालीं होणें दोन वस्तु सांभाळतात. स्प्रिंग मोटारीचें वजन उचलून धरते, आणि शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगेचें हेलकावणें शमवितो. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे तेलानें भरलेलें एक नळकांडें. त्यांत बारीक भोकें असलेला दट्ट्या, आणि त्या दट्ट्याचा वर आलेला दांडा. दट्ट्या हलला कीं तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. कॉइलओव्हरमध्यें या नळकांड्याला बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक कडें फिरतें व त्या कड्यावर स्प्रिंगेचें खालचें टोंक टेकतें. कडें वर नेलें कीं मोटार उंच होते, खालीं नेलें कीं बसते. त्याच्या खालीं दुसरें एक कडें असतें. तें पहिल्या कड्याला जागच्या जागीं जखडून ठेवतें.

वरच्या टोंकाकडील रचना अधिक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तेथें एक पोलादी टोपी मोटारीच्या अंगाला दोन नटांनीं पक्की केलेली असते. स्प्रिंग या टोपीला खालून थेट टेकते. म्हणजे मोटारीचें वजन टोपीवरून स्प्रिंगेंत उतरतें. शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा मात्र टोपीच्या मधल्या भोकांतून वर निघतो. टोपीच्या पत्र्याच्या वर एक व खालीं एक अशा रबराच्या दोन गाद्या असतात, त्यांच्या बाहेरच्या बाजूंना चकत्या, आणि सर्वांच्या वर नट. या गाद्यांच्या मधून एक छोटें पोलादी नळकांडें गेलेलें असतें, त्याला आपण 'नळी' म्हणूं. नट आवळला असतां तो या नळीवर येऊन थांबतो. रबर किती दाबलें जावें ही मर्यादा ती नळी घालून देते. तात्पर्य, वजन स्प्रिंग वाहते आणि दांडा केवळ धक्के वाहतो. मोटार उभी असतांना दांड्यावर वजन जवळजवळ नसतेंच. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

कॉइलओव्हरच्या खडखडीचें सर्वांत प्रसिद्ध कारण मात्र स्प्रिंगेचें आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेंत शिकलों आहों: स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणांत तिचा जोर वाढतो. हिशेबाच्या सोयीसाठीं असें धरूं कीं एका स्प्रिंगेवर २४० किलो भार येतो. मूळची मऊ स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास ३ किलो लागत असतील, तर ती या भाराखालीं ८० मिलिमीटर दबेल. नव्या कठीण स्प्रिंगेला दर मिलिमीटरला ८ किलो लागत असतील, तर ती अवघी ३० मिलिमीटर दबेल. आतां चाक एखाद्या खड्ड्यांत उतरलें आणि शॉक ॲब्सॉर्बर ५० मिलिमीटर लांबला, तर जुनी स्प्रिंग अजून ३० मिलिमीटर दबलेलीच राहील. नवी मात्र पूर्ण मोकळी होऊन तिच्या बैठकींत २० मिलिमीटरांची फट पडेल. चाक पुन्हां वर आलें कीं ती स्प्रिंग बैठकीवर आपटेल. हाच तो खडखडाट. जपानी संचांवर स्प्रिंगेचा आंकडा किलो व मिलिमीटर यांत छापलेला असतो, इंग्रजी संचांवर पौंड व इंच यांत. एका मिलिमीटरला १ किलो म्हणजे एका इंचाला सुमारें ५६ पौंड, एवढें ध्यानांत ठेवलें कीं दोन्हींची तुलना करतां येते.

यावर उपाय तीन प्रकारचे. चाक लोंबकळत असतांना कडें थोडें वर फिरवून स्प्रिंगेला कांहीं मिलिमीटर आगाऊ दाब द्यावा, म्हणजे ती हातानें फिरवितां येणार नाहीं इतकी बैठकीवर बसेल. तेवढ्यानें न भागल्यास मुख्य स्प्रिंगेबरोबर चपट्या तारेची एक दुबळी सोबतीण स्प्रिंग घालतात; मुख्य स्प्रिंग मोकळी झाली तरी ही फांकून तिला बैठकीशीं धरून ठेवते. तिसरा उपाय म्हणजे कमी लांबणारा शॉक ॲब्सॉर्बर निवडणें. कांहीं संचांत खालचा आधारहि आट्यांवर बसविलेला असतो. त्यांत स्प्रिंगेच्या दाबास हात न लावतां उंची बदलतां येते. ज्यांत ही सोय नाहीं त्यांत मोटार फार खालीं आणण्याच्या मोहानें कडें उतरविलें कीं स्प्रिंग सैल पडलीच म्हणून समजावें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आगाऊ दाब दिल्यानें स्प्रिंग कठीण होते असें पुष्कळ लोक मानतात. स्प्रिंगेचा कठीणपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या व धातूचा गुण यांवर ठरतो. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगेंत कडें फिरविल्यानें तो बदलत नाहीं. साधारणतः मोटार तेवढी वर उचलली जाते, इतकेंच.

माझ्या पुतण्याला हें सर्व ठाऊक होतें. त्यानें सोबतीण स्प्रिंगाहि घातल्या होत्या. तेव्हां "आतां कांहींहि आवळूं नकोस," असें मीं त्याला सांगितलें. "आधीं आवाज कधीं होतो आणि कधीं होत नाहीं तेवढें मला कळूं दे."

आवाज शोधण्याची रीति वैद्याच्या निदानासारखी आहे. एक एक संशयित बाजूला काढीत जावयाचें. प्रारंभ नेहमीं चाकाच्या नटांपासून करावा. ते सैल असले तर इतर शोध व्यर्थ आहे, आणि प्रवास तर प्राणावर बेतणारा आहे. त्यानंतर डिकी रिकामी करावी. जॅक, हत्यारांची पिशवी, सुटें चाक यांनीं पुष्कळांना दिवसचे दिवस फसविलेलें आहे. आम्हीं दोन्ही गोष्टी केल्या. नट घट्ट होते, आणि रिकाम्या डिकीनेंहि खडखड थांबली नाहीं.

पुढची परीक्षा ब्रेकची. खडबडीत रस्त्यावर अगदीं सावकाश जात असतांना ब्रेक किंचित् दाबावा. आवाज तत्काळ थांबला तर तो बहुधा ब्रेकच्या पॅडांचा. कारण दाब आल्यावर तीं जागच्या जागीं धरलीं जातात. आमचा आवाज थांबला नाहीं.

तिसरी परीक्षा अँटी-रोल बारची. हा बार म्हणजे एका बाजूच्या चाकाला दुसऱ्या बाजूच्या चाकाशीं जोडणारी पोलादी कांब. एक चाक वर गेलें व दुसरें खालीं राहिलें तर ती पिळली जाते आणि मोटारीचें कलणें रोखते. दोन्ही चाकें एकदम सारखीं वर गेलीं तर मात्र ती पिळली जात नाहीं, नुसती फिरते, आणि तिच्या दुव्यांवर फारसा ताण येत नाहीं. म्हणून रुंद गतिरोधक सरळ, सावकाश ओलांडावा, म्हणजे दोन्ही चाकें बरोबरच चढतील. मग एकच चाक उंचवट्यावरून न्यावें. एका चाकावर आवाज व दोन चाकांवर शांतता असा प्रकार आढळला तर बाराच्या दुव्यांकडे पाहावें. मोटार खालीं आणल्यावर त्या दुव्यांचे कोन बदलतात व ते कधीं कधीं शेजारच्या भागाला घासतात. आमच्या मोटारीनें दोन्ही प्रकारें सारखीच खडखड केली. ही पांच मिनिटांची परीक्षा आधीं केली असती तर नव्या दुव्यांचा खर्च वांचला असता, हें पुतण्याच्या लक्षांत आलें. मला बोलून दाखवावें लागलें नाहीं.

चौथी परीक्षा आम्हीं घरीं येऊन केली. मोटार जॅकनें उचलून सपाट जमिनीवर पक्क्या घोड्यांवर ठेवली. केवळ जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं हात घालूं नये. हा नियम जुन्या मिस्त्रींनाहि माफ नाहीं. चाक काढल्यावर स्प्रिंग हातानें फिरते काय तें पाहिलें; फिरत नव्हती. दोन्ही कडीं एकमेकांशीं घट्ट होतीं. ब्रेकची रबरी नळी आपल्या आंकड्यांत बसलेली होती. खालचा बोल्ट पक्का होता. चाकाच्या सांध्यांत कोठें ढिलाई नव्हती.

मग उरलें वरचें टोंक. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्यें मागील संचांचीं वरचीं टोंकें डिकीच्या अस्तरामागें असतात. मोटार पुन्हां चाकांवर उभी करून आम्हीं अस्तर काढलें. दांड्याचें टोंक नटासह दिसूं लागलें. मीं त्या टोंकावर असें बोट ठेवलें कीं अर्धें बोट दांड्यावर व अर्धें शेजारच्या टोपीवर राहील, आणि पुतण्यास मोटारीचा तो कोपरा दोन्ही हातांनीं थोडथोडा दाबून सोडावयास सांगितलें. प्रत्येक वेळीं बोटाला स्पष्ट 'टक्' असें लागलें. दांडा टोपीहून वेगळा हलत होता. उजव्या बाजूला तोच प्रयोग केला तेव्हां बोटाला कांहींच लागलें नाहीं.

"पण हें शक्यच नाहीं, काका," तो म्हणाला. त्यानें टॉर्क पाना आणला. ठराविक जोर आला म्हणजे हा पाना खट्ट असा आवाज करून सूचना देतो. त्यानें कारखान्याच्या पुस्तकांतला आंकडा लावला, नटावर पाना ठेवला, आणि नट तसूभरहि न हलतां पाना वाजला. "बघा! आणखी किती आवळूं?"

त्याचें म्हणणें खरें होतें. नट घट्टच होता. पण तो कशावर घट्ट होता, हा प्रश्न त्यानें स्वतःला विचारला नव्हता. संच उतरवून सुटा केल्यावर उत्तर हातांत आलें. त्यानें संच नवा घातला होता, परंतु वरच्या रबरी गाद्या जुन्याच वापरल्या होत्या. डाव्या बाजूच्या गाद्या पंचवीसहून अधिक वर्षांच्या दाबानें चेपून पातळ झाल्या होत्या. मधली पोलादी नळी अर्थातच पूर्वींइतकीच लांब राहिली होती. नट आवळतांना तो खालीं जाऊन नळीवर टेकला आणि तेथेंच थांबला. दांडा, नळी, चकती व नट हे पोलादाचे तुकडे एकमेकांवर घट्ट बसले. पण त्यांच्या मध्यें जें धरावयाचें तें रबर सैलच राहिलें. आम्हीं मोजलें तेव्हां फट एका मिलिमीटराहून थोडी अधिक भरली. पाना खोटें बोलला नव्हता. नट घट्ट आहे एवढेंच तो सांगत होता. जोड घट्ट आहे असें तो म्हणाला नव्हता.

दांडा वजन वाहत नाहीं, केवळ धक्के वाहतो, असें मीं मघाशीं म्हटलें तें याचसाठीं. स्प्रिंगेनें वजन उचललेलें असल्यामुळें मोटार उभी असतांना त्या फटीचें कोणतेंच बाह्य लक्षण दिसत नाहीं. बारीक दगडांवरून चाक थरथरूं लागलें कीं दांडा त्या एका मिलिमीटरांत वर-खालीं आपटूं लागतो. म्हणूनच असा आवाज सावकाश चालीवर, साध्या खडबडीत गल्लींत अधिक ऐकूं येतो; मोठ्या रस्त्यावर वेगानें जातांना तो वाऱ्याच्या व टायरांच्या आवाजांत बुडून जातो, आणि दुखणें बरें झालें असें वाटतें.

हें दुखणें तसेंच राहिलें असतें तर काय झालें असतें? एका दिवसांत कदाचित् कांहींच नाहीं. परंतु हजारों वेळां आपटून चकतीनें टोपीचा पत्रा झिजविला असता, नट हळूहळू ढिला झाला असता, दांड्याचे आटे खराब झाले असते. दांडा सुटला कीं स्प्रिंग चाकाला उसळवीत राहते आणि तिला आवरणारें कोणी उरत नाहीं. उसळणारें चाक रस्त्याला धरून राहत नाहीं. पावसानें भिजलेल्या डोंगरी वळणावर याचा अर्थ काय, तें सांगावयास नको. इंग्लंडांत तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दर वर्षीं सक्तीची तपासणी होते हें खरें. पण ती वर्षांतून एकदां, आणि मोटार तर रोज रस्त्यावर असते.

उपाय सोपा होता. चारहि टोप्यांसाठीं नव्या गाद्या व नवे नट आणले. नायलॉनचें कडें असलेला नट एकदां काढला कीं पुन्हां वापरूं नये; त्याची पकड कमी झालेली असते. नवें रबर नळीपेक्षां कांहींसें उंच होतें. त्यामुळें नट नळीवर पोहोंचेपर्यंत तें योग्य तितकें दाबलें गेलें. नट आवळतांना दांड्याचें टोंक दुसऱ्या पान्यानें धरून ठेवलें. हवेच्या बंदुकीनें नट घुसविण्याची जी घाईची पद्धत आहे तिच्यांत दांडा आंतल्या आंत गरगर फिरतो आणि तेलाचें सील दुखावण्याचा संभव असतो. जोड बसल्यावर दांडा हातानें वर-खालीं ओढून पाहिला. आतां तो टोपीबरोबर एक झाला होता.

या कामांत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली चाकाच्या हातांची. त्यांच्या सांध्यांत रबराचे बुश असतात व ते पिळले जाऊनच काम करतात. ते बोल्ट चाक लोंबत असतांना अखेरचे आवळले, तर मोटार खालीं ठेवतांच ते बुश कायमचे पिळलेल्या स्थितींत राहतात. मग करकर ऐकूं येते आणि रबर अकालीं फाटतें. म्हणून मोटारीचें वजन चाकांवर घेऊन मगच ते बोल्ट शेवटचे आवळावे. दुसरी गोष्ट, उंची बदलली कीं चाकांचे कोनहि बदलतात. ते कोन यंत्रावर मोजून नीट करून घ्यावे, नाहींतर आवाज जाईल पण टायर झिजतील. शंभर-दीडशें किलोमीटर चालविल्यावर सर्व जोड पुन्हां एकदां पाहावे. कड्यांवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली तर तीं सरकलीं काय हें नुसत्या डोळ्यांनीं कळतें.

आणि एक इशारा. जुना संच सुटा करतांना त्याची स्प्रिंग दबलेली असते. दर मिलिमीटरला ३ किलो जोराची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबलेली असली तर तिच्यांत सांठलेली शक्ति १५ किलोंचें वजन एक मीटर उंचीवरून पडावें इतकी असते, आणि ती एका क्षणांत मोकळी होते. स्प्रिंग दाबण्याचें योग्य यंत्र व अनुभवी माणूस यांवांचून मधला नट कधींहि काढूं नये. हौसेला या ठिकाणीं मिस्त्रीच्या दारांत थांबविणें हाच शहाणपणा.

गुरुवारीं संध्याकाळीं आम्हीं त्याच गल्ल्यांतून फेरी मारली. रेडिओ बंद होता. पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. तो ऐकत होता. घरीं आल्यावर त्यानें संच परत पाठविण्यासाठीं लिहून ठेवलेलें तक्रारीचें पत्र काढून टाकलें. ज्या मालाला तो तीन आठवडे दोष देत होता तो निर्दोष होता. दोष एका जुन्या रबरांत होता, आणि थोडासा त्याच्या खात्रींत.

शुक्रवारीं बापलेक वेल्सला गेले. रविवारीं परत आल्यावर छकुलीनें मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी: "आजोबा, आतां गाडींत बाबा माझ्याशीं बोलतात."

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांना असली मोटार कधीं घ्यावयाची नसेल. परंतु घरचा पंखा, शिलाईचें यंत्र, मुलाची सायकल, रोजची मोटार, या सर्वांना आवाज करण्याची तीच एक भाषा आहे. ज्या दोन वस्तूंनीं एक होऊन हलावयाचें त्या कोठेंतरी वेगळ्या हलत आहेत, एवढाच तिचा अर्थ. ती ऐकूं आली असतां आधीं ऐकावें, मग बोट ठेवावें, आणि पाना शेवटीं उचलावा. तिला झांकण्यासाठीं रेडिओचा आवाज मात्र वाढवूं नये. मग त्यावर माझें हें भाषण चाललेलें असलें तरीहि.